क्लोरीन टाकूनही मेम्ब्रेन चोक का होते?

नमस्कार. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमध्ये मीठ अडवणारी मेम्ब्रेन (पातळ पडदा) क्लोरीनमुळेच चोक होते, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर "क्लोरीनने जंतू मरतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. समुद्र न पाहिलेल्या नागपूरकराने आम्हा प्लांटवाल्यांना क्लोरीनमुळेच मेम्ब्रेन चोक होते असं शिकवू नये," असं तुम्ही लिहिलंत. समुद्राचं कबूल. आमचा समुद्र म्हणजे अंबाझरी तलाव, आणि त्यावरही जलपर्णी. जंतूंचं मात्र बोलू द्या.

जंतू मरतात, पण सगळे नाहीत. समुद्राच्या मिलिलिटरभर पाण्यात दहा लाख जिवाणू धरा आणि तुम्ही 99.99 टक्के संपवले असं माना. शंभर उरले, म्हणजे लिटरला एक लाख! गाळ जेवढा आत गेला तेवढाच राहतो. हे वाढत जातात.

वाढायला खाणं लागतं, आणि क्लोरीन नडतो तो इथे. समुद्राच्या पाण्यातले मोठे सेंद्रिय रेणू जिवाणूंना सहजासहजी पचत नाहीत. क्लोरीन त्यांचे तुकडे पाडतो, भाकर कुस्करून द्यावी तसे. पुढे पॉलिअमाइडच्या मेम्ब्रेनला क्लोरीन सोसत नाही, म्हणून तिच्याआधी मेटाबायसल्फाइट टाकून तो संपवावाच लागतो. म्हणजे ऐन दारात पहारा उठला आणि ताट वाढून तयार. त्यात फॉस्फोनेटचं अँटीस्केलंट (मेम्ब्रेनवर क्षार बसू नयेत म्हणून टाकतात ते) असेल तर कधी फॉस्फरसही आपणच वाढतो.

शेवाळाचं तर विचारूच नका. 2008-09 मध्ये आखाती देशांच्या समुद्रात कॉक्लोडिनियम या सूक्ष्म शेवाळाची लाल भरती (पाणी लाल दिसेल इतकी वाढ) आली, तेव्हा काही प्लांट बंद ठेवावे लागले. असली शेवाळं चिकट, पारदर्शक द्रव सोडतात. तो मेम्ब्रेनवर बसला की जिवाणूंना आयती गादी मिळते.

एकदा थर धरला की क्लोरीनही आतपर्यंत पोचत नाही. खोटं वाटत असेल तर मे महिन्यात आमच्याकडे या आणि कुठल्याही कूलरच्या टाकीत बोट फिरवा. बुळबुळीत लागतं ना, तेच ते. (आम्ही त्याला बायोफिल्म म्हणत नाही, बाप्पा, आम्ही घासतो.)

"क्लोरीनमुळेच" मधला "च" मात्र माझा आगाऊपणा होता. लेखातून काढला आहे.

आता तुम्ही सांगा: तुमच्याकडे क्लोरीनचा डोस अखंड चालतो की थांबून थांबून? आणि प्रेशर ड्रॉप (पाण्याच्या दाबातली घट) ओळीतल्या पहिल्या मेम्ब्रेनवर आधी वाढतो की शेवटच्या? शेवटच्यावर वाढत असेल, तर जंतूंना सोडा आणि आधी क्षार तपासा.