‘किलोला किलो बदला’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

तुमची प्रतिक्रिया परत परत वाचली. पीव्हीसी केबलच्या आवरणातला शिशाचा स्टॅबिलायझर (प्लास्टिक उष्णतेनं बिघडू नये म्हणून घालतात ते द्रव्य) बदलण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, “शिसं काढून तेवढंच कॅल्शियम-झिंक टाकलं की झालं, बाकी सगळी पुस्तकी बडबड, लेखकानं कधी एक्स्ट्रूडर बघितलेला दिसत नाही.” मतभेद असू द्या हो, पण ही काय बोलायची पद्धत झाली? एक्स्ट्रूडर, म्हणजे तारेवर वितळलेलं प्लास्टिक चढवणारं यंत्र, बघितला नाही म्हणे! अहो उमेदीची वर्षं कंपाउंडच्या, म्हणजे पीव्हीसी आणि त्यात घालायच्या द्रव्यांच्या मिश्रणाच्या, मिक्सरपाशी गेलीत माझी.

एक मान्य, शिशाच्या धुळीचा कामगारांना होणारा त्रास मी एका ओळीत उरकला, त्यावर जास्त लिहायला हवं होतं. शिसं जायलाच पाहिजे यात वादच नाही.

पण किलोला किलो? पीव्हीसी तापलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो आणि तोच पुढची झीज अजून वाढवतो, म्हणून तर स्टॅबिलायझर लागतो. शिशाचा स्टॅबिलायझर तो वायू पकडतो आणि त्याचं जे लेड क्लोराइड होतं ते गप्प पडून राहतं, पाण्यातही फारसं विरघळत नाही, म्हणून ओल्या जागीसुद्धा इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे आवरणाची वीज अडवून धरायची ताकद, टिकतो. झिंकचं तसं नाही. सुरुवातीला रंग छान पांढरा ठेवतं, पण त्यातून तयार होणारं झिंक क्लोराइड स्वतःच पीव्हीसी तोडायला लागतं, आणि मग माल हळूहळू पिवळा न पडता एकदम काळा होतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. अशी नुसती अदलाबदल केलेला माल चालू असताना लाइन जरा वेळ थांबली, तर एक्स्ट्रूडरच्या तोंडाच्या, म्हणजे हेडच्या, कोपऱ्यात अडकलेलं कंपाउंड कोळशासारखं निघालं आणि त्या वासानं सगळ्यांचे डोळे चुरचुरले. त्याच मालाचे तुकडे टेस्ट ट्यूबमध्ये घालून २०० अंशाला ठेवले, वर आम्ल लागलं की निळा होणारा काँगो रेडचा कागद, तर लाल कागदाची कड बघता बघता निळी झाली. म्हणून त्यात स्टॅबिलायझरला मदत करणारी द्रव्यं लागतात: हायड्रोटाल्साइट लागतं, बीटा-डायकीटोन लागतं, एपॉक्सी सोयाबीन तेल लागतं, कॅल्शियम-झिंकचं प्रमाण जुळवावं लागतं. यातलं एक अक्षर तरी तुमच्या प्रतिक्रियेत आहे का?

स्टॅबिलायझर दुप्पट करून ७० अंश तापमानापर्यंत चालणारी वायर १०५ ची करता येते हे तुमचं म्हणणं तर सोडूनच देतो, तिथे डीओपी हा नेहमीचा प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य) उडून जाऊन इन्सुलेशन कडक होतं, त्याला टीओटीएमसारखा न उडणारा प्लास्टिसायझर लागतो, स्टॅबिलायझर त्यात काय करणार.

पुन्हा लिहायचं तर जरूर लिहा, पण तुमचं फॉर्म्युलेशन आणि ओव्हन एजिंगचे (माल भट्टीत तापवून किती टिकतो त्या चाचणीचे) आकडे सोबत द्या, आणि मी काय बघितलं नाही ते ठरवायचं काम माझ्यावर सोडा.