जागा शोधावी लागते

“लोकांना अक्कल नाही, मग रात्री रान बंद ठेवलेलंच बरं.”

आमच्या जुन्या ट्रेकवाल्यांच्या ग्रुपवर हे ज्याने लिहिलं, त्याच्या शेजारी पथारी टाकून मी हरिश्चंद्रगडाच्या गुहांत कितीतरी रात्री काढल्या आहेत. खुबी फाट्याला एसटीतून उतरायचं, खिरेश्वरहून तोलार खिंडीने चढायचं, अंधार पडायच्या आत गुहा गाठायची आणि आधीच कोणी येऊन बसलं असेल तर ‘सरका जरा’ म्हणायचं. एवढाच आमचा परवाना होता. आता विषय निघाला तो माझ्या भाच्यामुळे. तो डोंबिवलीहून कॉलेजच्या पोरांना घेऊन डोंगरात जातो. राज्य संरक्षित गडांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई होऊन काही वर्षं झाली, आता जंगलातल्या पठारांवरूनही तंबू उठवतात, काजव्यांच्या दिवसांत भंडारदऱ्याकडे ठरावीक वेळेनंतर थांबू देत नाहीत, मग मुलांना रात्र दाखवायची कुठे, असं त्याने विचारलं होतं. त्यावर हे उत्तर आलं आणि त्याखाली पंधरा-वीस जणांचे अंगठे. सगळे पन्नाशीतले. सगळ्यांचं गुहांत झोपून झालेलं.

मी हे वाचलं तेव्हा अमेरिकेत, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडजवळच्या बीव्हर्टनच्या घरासमोर गाडीत सामान भरत होते. फावडं, पाण्याचे दोन कॅन, बादली, तंबू. गुरुवार होता. शुक्रवारी संध्याकाळी निघालं तर बऱ्या जागा गेलेल्या असतात, म्हणून मी गुरुवारीच निघते. हूड रिव्हरला टोलचा पूल ओलांडून ट्राउट लेक या गावाला जाईपर्यंत ते वाक्य डोक्यात घोळत होतं. अजूनही घोळतं आहे.

माझ्या मैत्रिणींना वाटतं की अमेरिकेत कॅम्पिंग म्हणजे आखून दिलेली जागा, बाक, नळ, संडास आणि सहा महिने आधीचं बुकिंग. तसंही असतं. पण मी बोलतेय ते गिफर्ड पिंशो राष्ट्रीय वनातल्या साध्या रानातल्या मुक्कामाबद्दल. त्याला इथे डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. तिथे नळ नाही, संडास नाही, कचऱ्याचा डबा नाही, जागेला क्रमांक नाही आणि पैसेही नाहीत. बहुतेक राष्ट्रीय वनांत एका जागी जास्तीत जास्त १४ दिवस राहता येतं. आणि ही जागा कोणी देत नाही, आपली आपण शोधायची असते.

शोधणं म्हणजे काय, हे मला शिकायला तीन उन्हाळे लागले. आधी रेंजर स्टेशनमधून मोटार व्हेइकल यूज मॅप घ्यायचा. तो फुकट मिळतो. काळा-पांढरा, दिसायला रुक्ष, ना डोंगराची सावली, ना झाडाची खूण. पण गाडी कोणत्या रस्त्याने नेणं कायदेशीर आहे हे तोच सांगतो, आणि रस्त्याच्या कडेला ठिपके असतील तर तिथे गाडीसह मुक्काम चालतो. वनातल्या रस्त्यांना नावं नसतात, आकडे असतात. आकड्याची पाटी आडवी असेल तर साधी गाडी जाते, उभी असेल तर रस्त्याची डागडुजी जवळजवळ नसते, हे मला एका उभ्या पाटीच्या रस्त्यावर गाडीचं पोट खरवडून घेतल्यावर कळलं. मग उपग्रहाच्या चित्रात जुने लाकूडतोडीचे फाटे बघायचे, मधे कुठे खाजगी लाकूड कंपनीचा तुकडा तर नाही ना हे तपासायचं आणि नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवायचे, कारण ट्राउट लेकच्या पुढे रेंज जाते. डांबरी रस्त्याजवळच्या पहिल्या दोन-तीन जागा मी कधी घेत नाही. सगळ्यात घाण तिथेच असते. पुढे जायचं. जिथे आधी कोणी राहिलं आहे, दगडांचं जुनं शेकोटीचं वर्तुळ आहे, माती आधीच घट्ट झालेली आहे, तीच जागा घ्यायची. हिरवळीवर नवीन डाग पाडायचा नाही. पाण्यापासून २०० फूट, म्हणजे माझी सत्तर पावलं, दूर राहायचं. आणि तंबू ठोकण्याआधी मान वर करून बघायचं. वाळलेलं उभं झाड किंवा अडकून राहिलेली फांदी वाऱ्याशिवायही पडते.

शौचासाठी सहा ते आठ इंच खड्डा, तोही पाण्यापासून तितकाच लांब, आणि कागद पिशवीत बांधून घरी आणायचा. शेकोटीवर पाणी ओतायचं, राख ढवळायची, पुन्हा ओतायचं आणि शेवटी उघड्या हाताने चाचपायचं. हाताला ऊब लागली तर ती विझलेली नाही. ऑगस्टमध्ये बहुधा शेकोटीलाच बंदी असते, तेव्हा गॅसच्या छोट्या शेगडीवर भात शिजवायचा.

यातलं काहीही मला कोणी चौकीवर उभं राहून शिकवलं नाही. पण हे करावंच लागतं, कारण तिथे रात्री मी एकटीच असते आणि सकाळी मागे काय राहिलं आहे ते मलाच दिसतं. रात्र बंद केलेल्या माणसाला हे कधी शिकायला मिळणार? भाच्याच्या पोरांना दिवसा गडावर नेऊन सहाच्या आत खाली आणलं तर त्यांना प्लास्टिक उचलायला शिकवता येईल, पण आपण झोपतो ती जमीन कशी राखायची हे झोपल्याशिवाय कळत नाही. माझ्या मित्राला तरी ते आणखी कशाने कळलं होतं? गुहेच्या तोंडाशी कोणी ताटं धुतली तर तो उठून भांडायचा. ती अक्कल त्याला त्याच गुहेने दिली.

इथला कायदा आणि तिथला कायदा यांत मला एक साधा फरक दिसतो. इथे राष्ट्रीय वनात ‘बंद’ असं लिहिलेलं नसेल तर ते उघडं असतं. आपल्याकडे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखाली राखीव वनात परवानगीवाचून शिरणं हाच गुन्हा आहे. म्हणजे ‘उघडं’ असं कोणी लिहून दिलं नसेल तर ते बंद. आणि चीड येते ती अशी की दोन्हींचं मूळ फार लांब नाही. डीट्रिख ब्रॅन्डिस हा जर्मन वनशास्त्रज्ञ १८६४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानचा पहिला वनमहानिरीक्षक झाला. पुढे अमेरिकेतून एक तरुण युरोपात वनशास्त्र शिकायला गेला, त्याने याच ब्रॅन्डिसचा सल्ला घेतला. तो तरुण म्हणजे गिफर्ड पिंशो. १९०५ मध्ये तो अमेरिकेच्या वनसेवेचा पहिला प्रमुख झाला आणि माझ्या आवडत्या वनाला आज त्याचंच नाव आहे. गुरू एकच होता. पण इथलं खातं लोकांना मालक म्हणू लागलं आणि आपलं खातं अजून रयतेकडे बघतं तसंच बघतं.

हे मी ग्रुपवर लिहिलं. भाच्याने मला वेगळा निरोप पाठवला, “मावशी, तू म्हणतेस ते पटतं, पण तुमच्याकडे माणसं कुठे आहेत?” खरं आहे. ऑरेगन आकाराने महाराष्ट्रापेक्षा थोडंच लहान आणि वस्ती २०२० च्या जनगणनेत ४२ लाख. महाराष्ट्रात २०११ लाच ११ कोटी २४ लाख होती. ऑरेगनची निम्म्याहून अधिक जमीन केंद्र सरकारची आहे. मी एका फाट्यावर दोन रात्री राहते तेव्हा बाजूने एक गाडी जाते. राजमाचीला जूनच्या एका शनिवारी किती जातात, हे तो जास्त जाणतो.

आणि इथेही सगळं मोकळं राहिलेलं नाही. थ्री सिस्टर्स, माउंट जेफरसन आणि माउंट वॉशिंग्टन या तिन्ही रक्षित रानांत २०२१ पासून उन्हाळ्यात रात्र काढायची तर परवाना लागतो. लोक इतके वाढले की दुसरा इलाज उरला नाही. २०१७ मध्ये पंधरा वर्षांच्या एका मुलाने ईगल क्रीकच्या दरीत फटाका फेकला आणि जवळपास ५० हजार एकर जंगल जळलं. त्या आठवड्यात आमच्या अंगणात राख पडत होती. न्यायालयाने त्या मुलाला ३ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश दिला. जळलेल्या वाटा कितीतरी काळ बंद होत्या. पण त्या धुरातही कोणी ‘लोकांना अक्कल नाही, सगळी जंगलं रात्री बंद करा’ असं म्हटल्याचं मला आठवत नाही. मला हवं आहे ते एवढंच. जिथे दुखतं तिथे परवाना ठेवा, आग लावली त्याला पकडा, अभयारण्याचा गाभा बंद ठेवा, त्याला माझी ना नाही. पण गर्दी एका पठारावर झाली म्हणून सह्याद्रीच्या सगळ्या रात्री काढून घेऊ नका.

गर्दी होते ती तरी कशाने? कोणीतरी रील टाकतं, त्याखाली ठिकाणाची टाचणी टोचतं आणि पुढच्या रविवारी दोनशे जण त्याच टाचणीवर जातात. माझ्या फाट्याचा आकडा मी इथे लिहिणार नाही. भाच्यालासुद्धा दिलेला नाही. कसं शोधायचं ते सगळं वर लिहिलं आहे, कुठे ते नाही. ज्याने जागा शोधली तो ती राखतो, ज्याला आयती मिळाली तो पुढच्या वेळी दुसरी बघतो.

आता जे ग्रुपवर लिहिलं नाही ते सांगते.

ट्राउट लेकहून २४ नंबरच्या रस्त्याने वर गेलं की सॉटूथचे हकलबेरीचे माळ लागतात. ऑगस्टच्या शेवटी झुडपं जांभळी झालेली असतात. पहिल्या वर्षी मी डबा घेऊन उतरले आणि खुडू लागले. एक वयस्क बाई लांबून चालत आल्या, रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या की तुमची बाजू रस्त्याच्या पलीकडे आहे. पाटी होती, मी वाचली नव्हती. १९३२ मध्ये याकामा लोकांचा प्रमुख आणि तेव्हाचा वन अधिकारी यांनी हातात हात देऊन ठरवलं होतं की रस्त्याच्या या बाजूची फळं आदिवासींसाठी राहतील. त्याआधी कित्येक पिढ्या हा सगळाच माळ त्यांचा होता. उन्हाळ्यात ते इथे येऊन राहत, फळं वाळवत. म्हणजे जी जमीन मला ‘सगळ्यांची’ म्हणून मोकळी मिळाली, ती आधी कोणाकडून तरी रिकामी करून घेतलेली होती. मी डब्यातली फळं त्यांना देऊ केली. त्यांनी घेतली नाहीत. राहू द्या म्हणाल्या.

त्या रात्री तंबूत मला हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या पाचनई गावाची आठवण येत राहिली. आम्ही ‘गडावर फुकट राहिलो’ म्हणतो, पण सकाळी पिठलं-भाकरी कोणाच्या चुलीवर व्हायची? वाट चुकलो की कोणाला हाक मारायचो? सह्याद्रीत रिकामं रान नव्हतंच. आम्ही पाहुणे होतो आणि स्वतःला भटके म्हणवत होतो. इथे मी पाहुणी नाही. अठरा वर्षांत या रानात मला एकाही माणसाने ‘कुठल्या तुम्ही?’ असं विचारलेलं नाही, आणि पोर्टलंडच्या दुकानांत, ऑफिसांत तो प्रश्न ऐकून मी इतकी कंटाळले आहे की त्यासाठीच मी इथे येते. झाडांखाली मी कुठलीही नसते. पण तिसऱ्या रात्री कोणीतरी विचारावं असं वाटू लागतं, आणि ते मराठीतच विचारावं असं वाटतं.

म्हणून माझं मागणं मी ग्रुपवर लिहिलं त्यापेक्षा थोडं वेगळं आहे. अमेरिकेसारखं करा, असं नको. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनाची राखण आणि व्यवस्था करण्याचा हक्क दिला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने २००९ मध्ये तो मिळवला आणि पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. मग घाटमाथ्यावरच्या गावांनी आपल्या रानात दहा तंबूंची जागा आखावी, अकराव्याला परत पाठवावं, कचरा टाकणाऱ्याचं नाव लिहून ठेवावं आणि पैसे गावाने घ्यावेत. रात्र उघडायची की नाही, हे तिथे राहणाऱ्यांना ठरवू द्या. मुंबईत बसून अंगठा दाखवणाऱ्याने नाही. बीव्हर्टनमध्ये बसलेल्या मीही नाही.

गेल्या डिसेंबरात भाच्याबरोबर राजमाचीला गेले होते. लोणावळ्याहून चालत, उशिरा निघाल्यामुळे उधेवाडीत पोचेपर्यंत तिन्हीसांज झाली. तळ्याच्या वरच्या अंगाला मी सवयीने जागा हेरली होती, पाण्यापासून पावलं मोजली होती, वर झाड नव्हतं. सॅक उतरवू लागले तर भाचा म्हणाला, “मावशी, नको. उद्या आपण लोकलने घरी जाऊ. साहेब आले तर जाब ह्यांना विचारतात.” मी सॅक परत खांद्यावर घेतली.

आम्ही एका घराच्या पडवीत झोपलो. मला झोप लागेना. दोनच्या सुमाराला उठून अंगणात आले, श्रीवर्धनच्या माथ्यावर चांदणं होतं. आतून घरच्या बाईंचा आवाज आला, “कोण हाय? पाणी हवं का, ताई?”

तहान नव्हती. तरी मी हो म्हटलं.