रात्रौ ठीक 10 वाजता

गोव्यात जरा बरं मराठी लिहिणारा माणूस सापडला की गाव त्याला दोन कामांना जुंपतो: श्रद्धांजलीचा मजकूर आणि जत्रेची पत्रिका. पहिल्या कामात त्रास नाही. ज्याच्याविषयी लिहायचं तो काही दुरुस्त्या सुचवत नाही. पत्रिकेत ज्यांची नावं येतात ते सगळे मात्र हयात असतात, आणि देवस्थानच्या बैठकीला झाडून येतात.

आमचं देवस्थान अंत्रुज महालातलं, म्हणजे फोंडा तालुक्यातलं. घरात कोकणी, भांडणात कोकणी. पण भजन, नाटक आणि छापील कागद मराठीत, ही आमची जुनी वाटणी. 1987 च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा करून मराठीलाही वापरात जागा ठेवली. आमच्या आजीने तो कायदा होण्याआधीपासूनच पाळला होता. त्यामुळे माझा वाचक घरी साधं बोलतो, पण छापलेलं मराठी त्याला मखरातलं लागतं. मी लिहिलं, ‘संध्याकाळी आरती आणि प्रसाद.’ खजिनदार म्हणाले, “हें कितें, दुकानाची पावती? देवाक शोभता अशें बरय (लिही) मरे.” मग ‘सायंकाळी मंगलारती, तदनंतर तीर्थप्रसाद’ झालं. ‘तदनंतर’ वाचून बैठकीत सगळ्यांचे चेहरे उजळले.

लिहिण्याआधी वाचक ओळखावा म्हणतात. ओळखले. गावातला महाजन, म्हणजे देवस्थानचा वंशपरंपरागत सभासद, पत्रिकेत फक्त आपलं नाव वाचतो, आणि त्याच्या वर कोणाचं आहे ते. देव कोणता, जत्रा कधी, हे त्याला पाठच असतं. मुंबईचा महाजन वर्षाकाठी एकदा कुळदेवतेला येतो. तो महाप्रसादाची वेळ शोधतो, ती सापडली की उरलेल्या शंका फोनवर विचारतो. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेत, खोली मिळेल का? कमोड आहे का? मी एकदा हे सगळं पत्रिकेतच छापायचं सुचवलं होतं. देवाच्या नावाखाली कमोड नको, असं एकमताने ठरलं. आमच्या बैठकीत एकमत झाल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

आमच्या शेजारच्या आंटीच्या दारात पालखी थांबते. तिला देवनागरी येत नाही, कोकणी ती रोमीत, म्हणजे रोमन लिपीत, वाचते. पत्रिका हातात घेऊन ती कपाळाला लावते आणि मला परत देते: “वाच.” मी ‘श्रींची पालखी वाजतगाजत प्रस्थान ठेवील’ सुरू केलं की मध्येच थांबवते. “तें सोड. पालखी म्हज्या दारांत केन्ना पावतली?” तिला अंगण झाडून मेणबत्त्या लावायच्या असतात. साऱ्या गावात नेमका प्रश्न विचारणारी वाचक ही एकटी, आणि तेवढंच पत्रिकेत नसतं.

हा पेच गोव्यात जुनाच आहे. थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री 1579 मध्ये इथे उतरला. त्याच्यापुढचे लोक नवे ख्रिस्ती, पण कान पुराणं ऐकून घडलेले. त्याने प्रवचनांवर भागवलं नाही. येशूची कथा थेट मराठी ओवीत रचली. हजारो ओव्यांचं ते ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूरला छापलं गेलं, तेही रोमी अक्षरांत. आमच्या आंटीला ते वाचता आलं असतं. इतक्या लांबून आलेल्या माणसाला श्रोते बरोबर कळले, याचं मला कौतुक आहे आणि थोडा हेवाही. पण त्याच्या श्रोत्यांत कोणी खजिनदार नव्हता, हेही लक्षात घ्यायला हवं.

खरा प्रसंग नाटकाच्या ओळीवर येतो. ‘गावच्या हौशी कलाकारांचे ऐतिहासिक नाटक, रात्रौ ठीक 10 वाजता.’ या ‘ठीक’चा अर्थ अंत्रुजात सगळ्यांना ठाऊक आहे. 10 लिहिलं की लोक 12 ला येतात, 1 ला पडदा वर जातो. 12 लिहिलं तर लोक येतील तेव्हा महाराज दाढी उतरवत असतील. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या 10.

पण पत्रिका आता पोलीसही वाचतात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. काही ठरावीक दिवशी सरकार सूट देतं, तीही मध्यरात्रीपर्यंतच. म्हणजे ‘ठीक 10’ हे प्रेक्षकांना आमंत्रण आणि चौकीला गुन्ह्याची आगाऊ वर्दी! शिवाय मामलेदार हे देवस्थानांचे प्रशासक, 1933 च्या पोर्तुगीज कायद्यानुसार. त्यांच्या टेबलावरही एक प्रत जाते. मी ‘सायं. 7’ सुचवलं. दिग्दर्शक उठून उभा राहिला. सातला पालखी बाहेर असते, आणि ती उचलणाऱ्यांतच अर्धा दरबार असतो.

कोपऱ्यातून आमचे मुखत्यार, म्हणजे देवस्थानची कायद्याची कामं पाहणारे, बोलले. वय झालेले, वर्षभर कोणत्याच विषयावर न बोलणारे. “बरय: ‘पालखी देवळांत परतल्यानंतर नाटक.’ पोलिसांक घड्याळ आसा, आमकां पालखी आसा.”

काय वाक्य आहे! गावकऱ्याला त्यातून मिनिटांपर्यंत वेळ काढता येते: किती दारांत थांबते, ढोलवाले कुठे बसतात, आंटी किती वेळ गाऱ्हाणं घालते. चौकीला त्यातून काहीच काढता येत नाही. लेखनाच्या कार्यशाळा घेणाऱ्यांनी मुखत्यारांच्या पायाशी बसावं. अर्थात मुंबईहून लगेच फोन आला, “परतल्यानंतर म्हणजे किती वाजता?” मी म्हटलं, “महाप्रसाद 1 वाजता आहे.” ते निवांत झाले.

सगळं जुळल्यावर मी शेवटची ओळ खोडली: ‘नजरचुकीने पत्रिका न मिळाल्यास हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे.’ ज्याला पत्रिका मिळाली नाही तो हे वाचणार कसा? ही ओळ कोणासाठीच नाही, असं मी बैठकीत ठणकावून सांगितलं. कोणी वाद घातला नाही. छापून आली तेव्हा ओळ जागेवर होती, ठळक अक्षरांत.

चार दिवसांनी डिचोलीहून एका दूरच्या महाजनांचा फोन. आवाजात नाराजी. “आमकां पत्रिका पावूंक ना हां. पण सकयल (खाली) बरयलां न्हय, म्हणून येतां.”