अण्णांचा फॉरवर्ड आणि ब्रिटनची रांग

गेल्या आठवड्यात आमच्या आंबा बागायतदारांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड येऊन पडला. संध्याकाळपर्यंत तोच मच्छीमारांच्या ग्रुपवर, आणि रात्री चक्क भजनी मंडळाच्या. वर तिरंगा, खाली युनियन जॅक, मधे हा मजकूर: "ब्रिटनने युरोपियन युनियनला लाथ मारली. आठवड्याला 35 कोटी पौंड वाचवले. ज्या युरोपने 2014 मध्ये आपला हापूस बंद केला त्याच्या कचाट्यातून ब्रिटन सुटला. आपले मासे, आपल्या सीमा, आपले कायदे परत मिळवले. तज्ज्ञ म्हणत होते बुडेल, काही बुडालं नाही. एका मतदानात जनतेने दाखवून दिलं खरी लोकशाही काय असते. भारतानेही सगळ्या व्यापार करारांतून बाहेर पडावं. पटलं तर पुढे पाठवा."

पटलं बहुतेक सगळ्यांना. अण्णांनी तेवढा फोन केला. "तू लंडनाक आंबे धाडतंस, तुका ठावक असतला. ह्या खरा काय रे?"

लंडनला आंबे धाडतो म्हणणं जरा जास्तच झालं. माझे आंबे देवगडातून वाशीला जातात, तिथून निर्यातदार पुढे पाठवतो. पण माल अडकला की भुर्दंड उलटा प्रवास करत माझ्या आंगणात येतो, एवढं मी पाहिलेलं आहे. त्या भांडवलावर हे लिहितोय.

35 कोटी पौंडांचं आधी उरकून टाकू. युनियन सोडायची की नाही यावर 2016 मध्ये ब्रिटनमध्ये मतदान झालं, त्याच्या प्रचारात हा आकडा एका लाल बसवर रंगवला होता. तो म्हणजे पेटीवरची छापील किंमत. ब्रिटनला मिळणारी सूट आधीच वजा होत असे, म्हणजे तेवढे पैसे कधी गेलेच नाहीत. सूट काढली की 25 कोटींच्या आसपास उरतात, आणि त्यातलेही काही शेतकऱ्यांच्या अनुदानाच्या, संशोधनाच्या रूपाने परत येत. ब्रिटनच्याच सांख्यिकी प्राधिकरणाने हा आकडा दिशाभूल करणारा असल्याचं सांगितलं होतं. शिवाय घर सोडताना मागची देणी फेडावी लागतात. ती 3,500 ते 3,900 कोटी पौंड होतील असा त्यांच्या सरकारचाच अंदाज होता. फॉरवर्डवाल्याने ते धरलेलं नाही.

आता हापूस. इथे मी थोडा वेळ घेणार.

1 मे 2014 पासून युरोपियन युनियनने भारतातला आंबा आणि त्याच्याबरोबर कारलं, पडवळ, वांगी, अळू अशा भाज्या बंद केल्या. कारण फळमाशी आणि तिच्यासारख्या किडी. आदल्या वर्षी भारतातून गेलेल्या फळं-भाज्यांच्या 207 खेपांत कीड सापडली होती. ऐन हंगामात ही बातमी आली. निर्यातीसाठी वेगळा काढलेला माझा माल मुंबईच्या बाजारात लोटावा लागला, आणि सगळ्यांनीच लोटल्यावर दराचं काय होतं ते कोकणात कुणाला समजवायला नको. त्या मे महिन्यात मीही युरोपला शिव्या घातल्या आहेत. पण हे बिचाऱ्या ब्रिटनवर ब्रुसेल्सने, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाने, लादलं, असं फॉरवर्ड सुचवतो, ते खोटं आहे. ब्रिटनच्या शेती खात्याने या बंदीची बाजू उचलून धरली होती. त्यांच्या काचघरांतले टोमॅटो आणि काकड्या हा कोट्यवधी पौंडांचा धंदा, आपली माशी तिथे पोचली तर काय, ही त्यांची भीती. बाहेर असता तर ब्रिटनने हापूस थांबवला नसता, असं मानायला काही आधार नाही.

आणि बंदी उठली कधी? जानेवारी 2015 मध्ये. ब्रिटन तेव्हा युनियनमध्येच होता. बंदी उठवली ती आपल्याकडच्या पॅकहाउसनी. युरोपचा आंबा 48 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 60 मिनिटं बुडवायचा. टाकीवर एकदा उभा राहिलोय मी. क्रेट खाली जातात, तासभर नुसतं काट्याकडे बघायचं, मग फळं वर येतात ती ओली, कोमट, सालीवर एखादा डाग उठला नाही ना म्हणून पॅकहाउसचा पोरगा एकेक फिरवून बघतो. मग पंख्याखाली सुकवायची, ग्रेडिंग, पेटी, आणि शेवटी माल कीडमुक्त असल्याचा सरकारी निरीक्षकाचा तो कागद, ज्याला सगळे 'फायटो' म्हणतात. त्याच्या आधी मँगोनेटवर, म्हणजे निर्यातीच्या बागांच्या सरकारी ऑनलाइन यादीत, बागेची नोंदणी, फवारणीची वही, औषधाचा अंश किती उरला त्याची तपासणी. हे सगळं झालं तर आंबा जातो. यात कराचा संबंध कुठेही आला नाही. आंब्याला त्या दारात अडवलं ते माशीने आणि कागदाने.

हे एवढं पाल्हाळ कशासाठी, तर ब्रिटनचं नेमकं तेच झालं आहे म्हणून. 2020 च्या 24 डिसेंबरला त्यांचा युरोपशी करार ठरला. आयात कर शून्य, किती माल पाठवायचा यावर कोट्याची मर्यादा नाही. प्रचारकांनी तेवढंच वाचलं. 1 जानेवारी 2021 पासून ब्रिटनचं मटण, चीज, मासे युरोपात जाताना जनावरांच्या डॉक्टरचा दाखला, सीमेवर तपासणी, आणि माल मुळात कुठला याचा पुरावा मागायला लागले. शेवटचं आपल्याला लगेच कळेल. कर्नाटकातला आंबा देवगडच्या पेटीत भरतात म्हणून आपण 2018 साली भौगोलिक मानांकन मिळवलं, आता तर फळागणिक क्रमांकाचं स्टिकर लावतोय. बाहेरून आणलेल्या मालावर आपलं नाव टाकून शून्य कराने विकता येत नाही, हे ब्रिटिश व्यापाऱ्यांना त्या जानेवारीत उमगलं. मोठ्या कंपन्यांनी माणसं नेमून कागद सांभाळले. छोट्यांनी युरोपला माल पाठवणंच सोडलं. आमच्याकडेही दहा कलमांवाला निर्यातीच्या फंदात पडत नाही, त्याचं कारण हेच.

गंमत म्हणजे स्वतःच्या बाजूची तपासणी ब्रिटनने पाच वेळा पुढे ढकलली. 2024 च्या एप्रिलअखेर ती सुरू झाली, तेव्हा खेपेमागे 145 पौंडांपर्यंत शुल्क आलं. भरणार कोण, तर आणणारा, आणि शेवटी खाणारा.

"काही बुडालं नाही" हे मात्र अर्धं खरं आहे आणि ते मान्य करायला हवं. 'बाहेर पडा' असा कौल लागला की लगोलग मंदी येईल, लाखो नोकऱ्या जातील असं तेव्हाच्या ब्रिटिश अर्थखात्याने सांगितलं होतं. तसं झालं नाही. पौंड मात्र एका रात्रीत तीस वर्षांत नव्हता एवढा घसरला. पण भीती घालणारे चुकले म्हणून नुकसान झालंच नाही, हे कुठलं गणित? ब्रिटनची सरकारी अंदाज संस्था आहे, ओबीआर, तिचं म्हणणं आहे की बाहेर पडल्यामुळे देशाची उत्पादकता दीर्घकाळात 4 टक्क्यांनी कमी राहील आणि आयात-निर्यात 15 टक्क्यांनी. अण्णांना मी असं सांगितलं: कलम मेलं नाही. उभं आहे, मोहोर येतो, आंबाही धरतो. फक्त जे शंभर पेट्या देणार होतं ते शहाण्णव देतं, आणि दरवर्षी देतं. शेजारी बघून म्हणतो, झाड तर हिरवंगार आहे की! न धरलेल्या चार पेट्या कुणाला दिसणार?

आता त्याच्यासमोर नव्या करारांची कमाई ठेवा. भारताशी झालेला करार हा ब्रिटनने बाहेर पडल्यावर केलेल्या करारांतला सगळ्यात मोठा मानला जातो. त्यांच्याच सरकारच्या अंदाजाने त्यातून दीर्घकाळात वर्षाला 480 कोटी पौंड मिळतील, म्हणजे त्यांच्या अर्थव्यवस्थेच्या सुमारे 0.1 टक्का. वाईट नाही. पण चार गेले नि दशांश आला.

सीमांचं एका ओळीत: युरोपातून येणारे कमी झाले, पण बाहेरून, त्यातही भारत आणि नायजेरियातून, एवढे आले की जून 2023 ला संपलेल्या वर्षात ब्रिटनमध्ये आलेल्या आणि गेलेल्यांमधला फरक 9 लाखांच्या वर गेला. ज्यांनी सीमेसाठी मत दिलं ते आज कुणावर चिडतात, ते तुम्हीच बघा.

माशांकडे येतो, कारण मच्छीमारांच्या ग्रुपवर तोच मुद्दा सगळ्यांत गाजला. 'आपल्या समुद्रात आपलेच मासे.' मालवणात मोठ्या जाळ्यांच्या पर्ससीनवाल्यांशी आणि परराज्यांतल्या हायस्पीड ट्रॉलरशी वर्षानुवर्षं भांडणाऱ्या, किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकराला हे वाक्य काळजाला भिडणारच. पण ब्रिटनच्या कोळ्याला मिळालं काय? युरोपच्या बोटी त्यांच्या पाण्यात जेवढा मासा धरत, त्याच्या किमतीच्या चौथा हिस्सा, तोही साडेपाच वर्षांत हप्त्याहप्त्याने. पुढे मे 2025 मध्ये युरोपच्या बोटींना आणखी 12 वर्षं, 2038 पर्यंत, परवानगी देऊन टाकली.

त्याहून मोठी अडचण अशी की मासा धरला म्हणजे विकला असं होत नाही. ब्रिटिश माणूस कॉड नि हॅडॉक खातो, त्यातला बराचसा बाहेरून येतो. त्यांच्या बोटी जे धरतात, बांगड्याच्या जातीचे मासे, हेरिंग, शेवंडीच्या भाऊबंदांतले लँगोस्टीन, शिंपले, त्याचं गिऱ्हाईक फ्रान्स-स्पेनमध्ये. ताज्या माशाचं आयुष्य तासांत मोजतात. जानेवारी 2021 मध्ये दाखल्यांच्या घोळात स्कॉटलंडचा माल सडायला लागला, तेव्हा तिथल्या व्यापाऱ्यांनी आपले ट्रक थेट लंडनला पंतप्रधानांच्या घराजवळ नेऊन उभे केले. आणि शिंपल्यांचं तर फारच वाईट झालं. थोड्या कमी स्वच्छ पाण्यातले शिंपले, कालवं जिवंत पाठवायची, तिकडचा व्यापारी ती स्वच्छ पाण्यात ठेवून शुद्ध करायचा, अशी जुनी रीत होती. युनियनबाहेरच्या देशाला तशी मुभा नव्हती आणि नाही. हा नियम ठरला तेव्हा ब्रिटन स्वतः आत बसलेला होता.

'खरी लोकशाही' हा मुद्दा मी शेवटाकडे ठेवला, कारण तिथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय. 23 जून 2016 ला 51.9 टक्के लोकांनी बाहेर पडा म्हटलं, 48.1 टक्क्यांनी राहा म्हटलं. निकाल मानायलाच हवा होता. 'लोकांना काय कळतं' म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. पण प्रश्न काय विचारला होता?

आमच्या वाडीत एकदा ग्रामसभेत ठराव आला: खालच्या वाडीपर्यंत रस्ता हवा का? सगळे हात वर. टाळ्या. मग मोजणी आली आणि विचारलं, कुणाच्या गडग्यातून, म्हणजे कुणाच्या हद्दीची दगडी भिंत फोडून? त्या दिवसापासून एका भावाचं दुसऱ्याशी बोलणं नाही, रस्ता अजून व्हायचाय. ब्रिटनच्या मतपत्रिकेवरही एवढंच होतं, राहायचं की निघायचं. युरोपच्या एकसंध बाजारपेठेत राहायचं का, ब्रिटनचं उत्तर आयर्लंड आणि युनियनमधलं आयर्लंड यांच्यातल्या सीमेचं काय करायचं, हे गडगे कुणी दाखवलेच नव्हते. मग 2019 मध्ये तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांचा बाहेर पडण्याचा करार संसदेने तीन वेळा फेटाळला, पहिल्यांदा तर 230 मतांनी. त्यांच्यानंतरचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसदच पाच आठवडे स्थगित केली, तर सर्वोच्च न्यायालयाच्या अकराही न्यायमूर्तींनी ते बेकायदा ठरवलं. स्कॉटलंडने 62 टक्क्यांनी राहा म्हटलं होतं, ते निघाले. उत्तर आयर्लंडचंही बहुमत राहण्याकडेच होतं. तिथे आज मालाचे बरेचसे युरोपीय नियम लागू आहेत आणि ते करणाऱ्या सभागृहात त्यांचा एकही निवडलेला माणूस नाही.

आत असताना ब्रिटनचे 73 खासदार युरोपीय संसदेत होते, मंत्रिपरिषदेत मत होतं. नियम आवडला नाही तर भांडता येत होतं, आणि ते भांडतही. आता युरोपात माल विकायचा तर नियम तोच, फक्त भांडायची खुर्ची गेली. मे 2025 मध्ये तर त्यांनी तत्त्वतः कबूल केलं की खाद्यपदार्थांच्या बाबतीत युरोपचे बदलते नियम आम्ही पाळत राहू, तपासण्या तेवढ्या कमी करा. म्हणजे दुसऱ्याने ठरवलेल्या अंशावर, दुसऱ्याने ठरवलेली मिनिटं. देवगडचा बागायतदार वर्षानुवर्षं ज्या रांगेत उभा आहे, तिथे ब्रिटन येऊन उभा राहिला. आम्हाला ती खुर्ची कधी मिळालीच नव्हती, त्यांनी सोडली.

आणि भारताने बाहेर पडावं म्हणजे कशातून? 4 नोव्हेंबर 2019 ला बँकॉकमध्ये भारताने आरसेपमध्ये, म्हणजे चीनसह आशियातल्या देशांच्या मोठ्या व्यापार करारात, जायचं नाही असं ठरवलं, त्याचा दाखला ग्रुपवर एकाने दिला. तो निर्णय बरोबर होता की चूक यावर वाद घालता येईल, काजूवाले एक सांगतील, यंत्रं विकणारे दुसरं. पण लग्नाला नकार देणं आणि चाळीस-पन्नास वर्षांचा संसार मोडणं यात फरक असतो. बाहेर पडून सुखी झालेलं उदाहरण हवंच असेल तर ग्रीनलँडचं घ्या. पन्नासेक हजार वस्ती, पोट मासळीवर. 1982 मध्ये कौल घेतला, तीन वर्षं वाटाघाटी केल्या, 1985 मध्ये निघाले, आणि आपल्या पाण्यात युरोपच्या बोटी येणार तर त्याचे पैसे ठरवून घेतले. आपल्याला मासा हवाय, बाकी काही नको, हे त्यांना निघायच्या आधीच ठाऊक होतं.

हे सगळं अण्णांना फोनवर सांगून झाल्यावर मी ग्रुपवर जुने मेसेज चाळत बसलो. 24 जुलै 2025, भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या तो दिवस. 'कोकणच्या कोळंबीला लंडनचं दार उघडलं, करार झिंदाबाद', वर तिरंगा, खाली युनियन जॅक. पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं. 'सगळ्या करारांतून बाहेर पडा' पाठवणाराही तोच.