भिंतीतल्या गांधीलमाश्या : भोक बुजवू नका

"रात्री भोकात रॉकेल ओता, वरून सिमेंट थापा, सकाळी गांधीलमाश्या खलास," असा मेसेज जळगाव-धुळ्याकडे फिरतोय. तसं करू नका. वाट बंद झाली की माश्या मऊ माती, लाकडाची फट कुरतडून दुसरी वाट शोधतात, आणि ती घरातही निघू शकते. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांत तर लाकूड आणि मातीच्या मध्ये फटीच फटी. त्यात रॉकेलनं लाकूड पेटलं, तर माश्या परवडल्या म्हणाल!

आधी लांबून बघा. लहान, केसाळ, पट्टेदार असतील तर बहुधा सातेरी मधमाश्या. जाणकार मधपाळ त्यांना पोळ्यासकट पेटीत हलवतो. गांधीलमाश्या असल्या तर पेस्ट कंट्रोलवाला बोलवा. डंखानंतर तोंड सुजलं, धाप लागली, तर चुना लावत बसू नका. १०८ ला फोन करा.