अर्धवेळ माणूस पूर्णवेळ कसा वापरावा

सोलापूरच्या नवी पेठेत तुमचं चादरी-टॉवेलांचं, साड्यांचं दुकान असेल तर सगळ्यात आधी दारावरची पाटी दुरुस्त करून घ्या. 'कामाला मुली पाहिजेत' असं लिहिलं की येणारी पगार विचारते. 'पार्ट-टाइम मुली पाहिजेत' असं लिहिलं की ती आपण होऊनच निम्म्या पगाराची तयारी ठेवून येते. पार्ट-टाइम म्हणजे किती तास, हे मात्र पाटीवर नको, कागदावर नको, तोंडातून तर नकोच नको. "ये की, घरचंच दुकान आहे," एवढं म्हणा. घरच्या माणसाला कोण नियुक्तिपत्र देतं?

पगार सांगताना महिन्याचा सांगावा, कापताना दिवसाचा कापावा आणि देताना तासाचा द्यावा. किमान वेतन तासावर, दिवसावर किंवा महिन्यावर ठरवता येतं, असं वेतन संहिता नावाच्या मजुरीच्या कायद्यातच लिहिलंय. तिन्ही एकाच पोरीला लावू नयेत असं कुठे लिहिलंय?

आता खरी अडचण गिऱ्हाइकाची. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर करून आलेल्या गाड्या कधी एकदम दारात लागतात आणि सगळ्यांना एकाच वेळी चादरी उलगडून बघायच्या असतात. कधी मे महिन्यातल्या मंगळवारी दुपारी दुकानात फक्त पंखा फिरतो. धंद्यातली ही जोखीम मालकाने उचलायची असते, अशी जुन्या लोकांची भाबडी समजूत होती. तुम्ही ती पोरींमध्ये सारखी वाटून टाका. नफा वाटू नका, त्याने भांडणं होतात.

त्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हवाच. गुरुवार, पौर्णिमा, एकादशी बघून 'उद्या सगळ्यांनी यायचंच' असा हुकूम आदल्या रात्री सोडावा. सुट्टीचा निरोप मात्र आदल्या रात्री देऊ नये. दिला तर ती सकाळी दुसरीकडे हाताला काम शोधेल आणि ऐनवेळी तुम्हाला मिळणार नाही. कुंभारीहून निघालेली रिक्षा शांती चौकात पोहोचली असेल अशा बेताने लिहावं: 'आज गिऱ्हाईक नाही, येऊ नका.' खाली हात जोडल्याचं चित्र टाकायला विसरू नका, संस्कार दिसतात. १९ जानेवारी २०२४ ला तिकडच्या रे नगरात असंघटित कामगारांना १५,००० घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घरभाडं वाचलं ना तिचं? मग ते रिक्षात गेलं तर तुमचं काय गेलं?

ही कल्पना तुमची नाही, उगाच श्रेय घेऊ नका. गिरण्या चालू होत्या तेव्हा बदली कामगार भोंग्याच्या आधी दारात येऊन उभे राहायचे. कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर आत, नाहीतर परत घरी. त्यात एकच खोट होती, माणसं एका जागी उभी राहायची. उभी राहिली की बोलायची, बोलली की युनियन. मोबाइलने तो त्रास मिटवला. आता प्रत्येक जण आपापल्या घरात, आपापल्या चार्जरजवळ थांबतो. बिडीच्या धंद्यात तर मेसेजचाही खर्च नाही. 'आज सुट्टी' असं कुणी म्हणत नाही, वळायला तेंदूपानच कमी मिळतं.

पोरगी दुकानात पोहोचली आणि मग गिऱ्हाईक आटलं तर मात्र नीट ऐका, इथे भलेभले फसतात. वेतन संहिता २०१९ चं कलम १० सांगतं की रोजावर किमान वेतन ठरलेल्या माणसाने त्या दिवशी कमी तास काम केलं, तरी त्याला पूर्ण दिवसाचं वेतन द्यायचं. संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली म्हणून दचकू नका. १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही कलम १५ मध्ये हेच होतं आणि इतकी वर्षं ते कुणाच्या पोटात दुखलं नाही. शिवाय त्यात एक पळवाट आहे. मालकाने काम दिलं नाही म्हणून नव्हे, तर कामगाराचीच काम करायची इच्छा नव्हती म्हणून तास कमी भरले असतील, तर पूर्ण रोज द्यावा लागत नाही.

म्हणून 'घरी जा' हे शब्द कधीही उच्चारू नयेत. दोन वाजता, ती डबा धुऊन आली की मायेने विचारावं, "अगं, लेकरू आजारी होतं ना तुझं? जायचंय का घरी?" ती क्षणभर तुमच्या तोंडाकडे बघेल. दोन दिवसांपूर्वी 'नाही, थांबते' म्हणालेल्या पोरीला काल बोलावणं आलं नव्हतं, हे तिला माहीत असतं. "जाते की शेठ," ती म्हणेल. झालं! इच्छा तिची, निम्मा रोज तुमचा. वर चार पोरींसमोर आपला मालक किती मायाळू, हेही दिसलं.

रात्री याच्या उलट. लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं वऱ्हाड गादीवर साड्यांचा डोंगर करून, 'पुन्हा येतो' म्हणत पावणेनऊला उठतं. इरकलीची घडी मूळच्या मोडीवरच बसवावी लागते, पदर आत, काठाला काठ. शटर अर्धं खाली ओढून नुसतं म्हणायचं, "एवढं आवरून जा गं." हे काम नव्हे, आवराआवर. कामाच्या ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त राबवलं तर दुप्पट दराने पैसे, असं संहितेचं कलम १४ म्हणतं. पण ठरलेली वेळ तुम्ही कधी ठरवलीच नव्हती, आठवतंय ना? पहिल्या परिच्छेदातली दूरदृष्टी इथे कामाला येते.

न्यूझीलंडची उदाहरणं देणारा एखादा शिकलेला भाचा घरोघरी असतो. तिथे २०१६ पासून हमी दिलेल्या तासांपलीकडे माणसाला बोलावण्याची वाट बघत बसवायचं असेल, तर त्या बसण्याचीही रास्त भरपाई द्यावी लागते. त्याला सांगा, तिकडे थंडी असते, बसणं अवघड. आपल्याकडे बसायला उंबरा आहे.

राहता राहिलं रजिस्टर. ते ठेवूच नये, असं मी तुम्हाला सांगणार होतो. पण संहितेच्या कलम ५९ ने घोळ घातलाय: पैसे मिळाले नाहीत असा दावा कामगाराने केला, तर ते दिल्याचं मालकाने सिद्ध करायचं. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो आणि थकलेल्या रकमेबरोबर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लावता येते. त्यात या पोरींना एक वाईट खोड. भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाच्या लिटरशेजारी त्या 'आले ११, गेले २' असंही लिहून ठेवतात. तेव्हा यंदा दिवाळीला मिठाईचा पुडा खुशाल द्या, पण दुकानाच्या नावाचं, तारखांना मोठाले चौकोन असलेलं ते कॅलेंडर तेवढं त्यांना वाटू नका.