ड्रायव्हरची बाजू

कसारा घाट उतरताना गाडीत जळका वास आला की आमच्याकडे प्रत्येकाला वेगळी शंका येते. आईला वाटतं, घरी गॅस चालू राहिला. बायकोला वाटतं, माझा पाय क्लचवर आहे. वास असतो ब्रेकचा. ‘ज्या गिअरात चढता, त्याच गिअरात उतरा’ असं मिस्तरी दर सर्व्हिसिंगला सांगतात आणि मी दर सर्व्हिसिंगला मान हलवतो. शेवटी सवय बदलण्यापेक्षा डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, बदलणं सोपं, असं मी ठरवलं.

आमच्या जुन्या सेदानची सख्खी बहीण अमेरिकेत धावते. तेव्हा भाच्याला सांगितलं, येताना पुढच्या चाकांसाठी खाचांच्या डिस्क घेऊन ये. पोरगं गुणी. २३ किलोच्या बॅगेत निम्म्याहून जास्त लोखंड भरून आला. चॉकलेटच्या आशेने बॅग उघडणाऱ्या बायकोने एक डिस्क दोन्ही हातांनी उचलली आणि विचारलं, “यावर धिरडं सुटतं का?”

तव्यासारख्याच होत्या म्हणा. फक्त वर तिरप्या, वळणदार खाचा. डिस्कवर दाबून चाक थांबवणाऱ्या पॅडखाली साचणारी धूळ आणि पाणी, शिवाय पॅड फार तापले तर सुटणारा वायू, या सगळ्यांना त्या वाट करून देतात. एका खोक्यावर छापलं होतं ‘ड्रायव्हर साइड’, दुसऱ्यावर ‘पॅसेंजर साइड’. आता यात काय चुकणार? मिस्तरींनी जॅक लावला, पॅड धरणारं कॅलिपर तारेने टांगलं, डिस्कवरचं तेल पुसून काढलं आणि ड्रायव्हरची डिस्क ड्रायव्हरकडे, पॅसेंजरची पॅसेंजरकडे बसवली.

गाडी सोसायटीत आली आणि सभा भरली. अलॉय व्हीलमधून खाचा दिसत होत्या, हीच चूक झाली. सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले तळमजल्यावरचे काका म्हणाले, खाचांनी घाण बाहेर फेकली पाहिजे, म्हणजे या बरोबर आहेत. दुसऱ्या मजल्यावरचा इंजिनिअर म्हणाला, त्यांनी वारा आत ओढला पाहिजे, म्हणजे या उलट्या आहेत. तो कॉम्प्युटरचा इंजिनिअर आहे, पण आवाज मोठा आहे. एका आजोबांनी प्रदक्षिणेची दिशा सुचवली. उजवं चाक बाहेरून पाहिलं तर प्रदक्षिणेच्याच दिशेने फिरतं, पण डावं नेमकं उलटं फिरतं, हे मी दाखवून दिलं. आजोबा गडबडले नाहीत. “शंकराला अर्धीच प्रदक्षिणा असते,” ते म्हणाले, “पन्हळीपाशी ब्रेक लावून मागं फिरायचं.” ब्रेकचा उल्लेख आल्याने हे उत्तर सभेने ग्राह्य धरलं.

रविवारी दिंडोरीहून मेव्हणा द्राक्षांची पेटी घेऊन आला. त्याने खाचांकडे पाहिलंसुद्धा नाही. उकिडवा बसला, मोबाइलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, “दाजी, ही आतून पोकळ आहे.”

होतीच. दोन चकत्या आणि मध्ये वळणदार पाती. मेव्हण्याने खराट्याची काडी मागवली, डिस्कच्या कडेने पात्यांमधल्या फटीत सरकवली आणि गाडी वीतभर पुढे ढकलायला लावली. काडीचं बाहेरचं टोक चाक फिरतं त्या दिशेने पुढे झुकलेलं होतं.

“इम्पेलर उलटा बसलाय.” इम्पेलर म्हणजे पंपातलं पाणी फेकणारं पात्यांचं चाक.

विहिरीवरच्या पंपात आयुष्य गेलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही. पात्यांनी हवा मधून घ्यायची आणि कडेने बाहेर फेकायची, त्यासाठी फिरताना ती मागे झुकलेली लागतात, असं त्याचं म्हणणं. बघणाऱ्याला वाटतं, पुढे झुकलेली पाती वारा खोऱ्यासारखी ओढतील, पण तसं होत नाही. “फेज उलटे झाले की मोटार फिरते, आवाज करते, पाणी मात्र धड येत नाही. तसंच हे. ब्रेक लागतील, पण डिस्क नीट थंड होणार नाही.”

“आणि खाचा?” काकांनी खोल आवाजात विचारलं.

“त्या कुठल्याही बाजूने पॅड पुसतील. पाती बघायची.”

दोन दिवसांची सभा एका काडीवर बरखास्त झाली.

पण मग खोक्यावर खोटं का छापलं? भाच्याला फोन लावला. तिकडे सकाळ होती. तो जांभई देत म्हणाला, “मामा, इथे ड्रायव्हर डावीकडे बसतो ना.”

मी फोन स्पीकरवर ठेवायला नको होता. बायको अजून पाहुण्यांना हे सांगते आणि दर वेळी जांभईसकट सांगते.

सोमवारी गाडी परत गॅरेजवर. मिस्तरींनी निमूटपणे डिस्कची अदलाबदल केली, मग खडूने एका खोक्यावर ‘उजवा’, दुसऱ्यावर ‘डावा’ लिहिलं आणि रिकामी खोकी मला परत दिली. बिलात मजुरी दोनदा लावली होती. मी विचारायच्या आत म्हणाले, “साहेब, एक अमेरिकेची, एक नाशिकची.”